खिंडीखालचा ब्रेक

साहेब, लंकाबाईचं खुब्याचं हाड तुम्ही मोडलंत.

हात वर करू नका. तुम्ही त्या दिवशी घाटात नव्हता हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक आहे. तुम्ही घाटात कधीच नव्हता, तीच तर तक्रार आहे. महिन्यातून एकदा मैदानावर तुमच्या आरटीओ कॅम्पाचा मांडव पडायचा, टेबलावर निळं कापड, थंड पाण्याची बाटली, समोर जीपगाड्यांची रांग, आणि त्या रांगेची तपासणी तुम्ही खुर्चीतल्या खुर्चीत उरकायचा. पंचनाम्यात लिहिलंय, चालकाचा हलगर्जीपणा. छान लिहिलंय, अक्षरही वळणदार आहे. आता तो हलगर्जीपणा कुठून निघाला आणि कुणाच्या अंगणात येऊन थांबला ते ऐकून घ्या. मधेच उठू नका.

भिमाजी मूळचा महाळुंगे पडवळचा. शेती थोरल्या भावाच्या, भगवंताच्या ताब्यात. ह्याचा जीव लहानपणापासून चाकात. सत्त्याण्णव सालच्या आसपास तो घोडेगावच्या स्टँडबाहेर जीप लावायचा आणि डोंगरातल्या गावांना सीटा न्यायचा. एसटी सकाळी एकदा वर जायची, संध्याकाळी एकदा खाली यायची, तीही ड्रायव्हरची तब्येत बरी असली तर. मधल्या सगळ्या वेळेला तिकडच्या माणसाचं बाळंतपण, कोर्टाची तारीख, हिरड्याचं पोतं, रेशनचं रॉकेल, सगळं जीपवरच. भिमाजी आणि सावळेराम, दोघांच्या दोन गाड्या ह्या रस्त्याला. दोस्तीही होती आणि सीटांवरून भांडणंही होती. एकाच ताटात जेवायचे आणि एकमेकांचे पॅसेंजर पळवायचे.

त्या रस्त्याला वर एक खिंड आहे. खिंडीत शेंदूर फासलेला म्हसोबा आहे आणि तिथून खाली घोडेगावच्या अंगाला सलग उतार, वळणावर वळण. आता ह्या रस्त्यावरच्या ड्रायव्हरची एक रीत ऐका, कारण सगळी गोम त्या रीतीत आहे. वरून येताना खिंडीत पोचलं की डाव्या हाताने गिअर न्यूट्रलला आणायचा. उजवा हात म्हसोबाला जोडल्यासारखा कपाळाला न्यायचा, मग छातीला, आणि छातीवरून तोच हात खाली डॅशबोर्डखालच्या स्टॉपरला. स्टॉपर ओढला की डिझेल तुटतं, इंजिन बंद. मग गाडी नुसत्या उतारावर, वाऱ्याच्या आवाजात, खाली पुलापर्यंत. तेवढं डिझेल वाचलं. भिमाजीला हे त्याच्या उस्तादाने शिकवलं, उस्तादाला त्याच्या उस्तादाने. नमस्कार आणि स्टॉपर ही दोन कामं आहेत हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं. हात एकदा उठला की खाली येताना इंजिन बंद करूनच यायचा.

आणि जुन्या ब्रेकला ते चालत होतं. जुना ब्रेक म्हणजे निव्वळ मांडीचा जोर. इंजिन चालू असो की बंद, तुम्ही जेवढं दाबाल तेवढी गाडी धरणार. दिवसभर घाट मारला की भिमाजीची उजवी पोटरी दगडासारखी व्हायची, पण भरवसा होता.

मग तुम्ही कॅम्पात फर्मान काढलंत. ह्या घाटातल्या प्रवासी गाड्यांना जुना ब्रेक चालणार नाही, बूस्टरचा ब्रेक बसवून आणा, मगच पासिंग. भिमाजीचा नंबर लगेच होता, सावळेरामचा पुढच्या कॅम्पाला. ड्रायव्हर कुरकुरले. भिमाजी नाही कुरकुरला. खरं सांगायचं तर त्याला हौसच होती. गाडीला नवं काही बसवायचं म्हटलं की ह्या माणसाच्या अंगात यायचं. रुंद टायर झाले होते, समोर हॅलोजन झाले होते, हॉर्न असा बसवला होता की घोडेगावातली कुत्री तो ओळखायची. बायको कुशाबाई म्हणायची, "माझी जोडवी झिजून दोरा झाल्यात, आन् तुमची जीप बघा, नवरीवानी."

"नवरीला तर नटवायचं असतं," भिमाजी म्हणायचा.

"मग तिच्याच हातच्या भाकरी खावा."

तर हायवेवरच्या एका दुकानात त्याने बूस्टर बसवून घेतला. ब्रेकच्या पायपट्टीच्या पुढे, बॉनेटखाली, बत्तीच्या टाकीएवढा गोल काळा डबा. दुकानदाराने जुने लायनर काढले, नवे घातले, डबा आवळला, गाडी आवारात चालवून एक कच्चकन ब्रेक मारला आणि जमिनीवरचे काळे पट्टे दाखवून म्हणाला, "बघा राव. अंगठ्यानं दाबा आता."

खरंच अंगठ्याने दाबावा असा ब्रेक. भिमाजी आवारातच तीनदा पुढे-मागे करून हसला. कॅम्पात तुम्ही बॉनेट उघडायला लावलंत, लांबूनच डबा बघितलात, शिक्का मारलात. गाडीत बसला नाहीत. चालवायला सांगितली नाहीत. भिमाजीला विचारलं नाहीत की बाबा, तू गाडी कशी चालवतोस.

पहिला दणका बाजाराच्या दिवशी बसला. मागे माणसं दाटून, टपावर हिरड्याची पोती, आणि पुढच्या सीटवर लंकाबाई. ही वरच्या गावची म्हातारी, विधवा, जिभेला कात्रीची धार. पुढची सीट तिची, तिथे दुसरं कुणी बसलं तर ती त्याच्या मांडीवर बसायची. खिंड आली, भिमाजीने हात केला, स्टॉपर ओढला, गाडी निवांत सुटली. पहिल्या वळणाला ब्रेक लोण्यासारखा. दुसऱ्याला लोण्यासारखा. तिसऱ्या वळणाला पाय ठेवला आणि पायाखाली जणू खडक. दाबतोय, उभा राहून दाबतोय, पट्टी हलत नाही. गाडी वळणाकडे निघाली. त्याने कसाबसा गिअर कोंबला, गाडीने गचका खाल्ला, इंजिन भडाडलं, आणि त्याच क्षणी ब्रेकही लागला. पुढचं चाक दरीच्या अंगच्या दगडांना टेकून थांबलं.

मागे बायका रडायला लागल्या. लंकाबाईने पदर सावरला, खाली दरीत वाकून बघितलं आणि म्हणाली, "भिमा, लेका, जीव घ्यायचा तर घरी येऊन एकटीचा घे. एवढी वरात कशाला?"

लोक हसले म्हणून सावरले. भिमाजी नाही सावरला. गिअरने वाचवलं, म्हसोबाने वाचवलं, एवढंच त्याच्या ध्यानात राहिलं. गिअर पडला, इंजिन लागलं आणि म्हणून ब्रेक परत आला, हे त्याच्या ध्यानात कसं येणार? तसं काही असतं हेच त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

तिथून त्याची वणवण सुरू झाली. हायवेवरच्या दुकानदाराने गाडी आवारात घेतली, कच्चकन मारली, पट्टे दाखवले. "ब्रेक तर मस्त हाय." भिमाजी हट्टालाच पेटला म्हणून त्याने नळ्यांतली हवा काढल्यासारखं केलं. परत खिंड, परत हात, परत दोन दाब लोणी आणि तिसरा खडक. मग नारायणगावच्या एकाने मास्टर सिलिंडर बदलला. आवारात मस्त, खिंडीखाली खडक. मग मंचरच्या एकाने चारी चाकं खोलली, लायनर घासले, ऑइल बदललं आणि वर शहाणपण शिकवलं, "भाऊ, गाडी चांगली हाय. तुमीच जरा घाबरट झाला."

घाबरट! त्या माणसाचं नरडं धरावं असं भिमाजीला वाटलं. पण मनात कुठेतरी तेच टोचत होतं. त्याचा उजवा पाय त्याचा राहिला नव्हता. जेवायला मांडी घालून बसला की पंजा आपोआप दाबल्यासारखा व्हायचा. एकदा तर तांब्या लवंडला. दुधाच्या रांगेत उभा असताना टाच वर, पंजा खाली, टाच वर, पंजा खाली. स्टँडवर चहा पिताना सावळेरामने पाहिलं.

"काय रं भिमा, शिलाई मशीन घेतली का?"

"गप बस."

"तुझ्या गाडीला म्हसोबा नडतोय. खिंडीच्या खालीच कसं व्हतं दर बारीला? काय तरी बोललास तू त्याला."

हेच कुशाबाईही म्हणत होती. आणि साहेब, हसू नका, हिशोब तिचा बरोबर होता. सपाटीला होत नाही, चढाला होत नाही, दुसऱ्या उतारावर होत नाही, कारण दुसरे उतार बारके, तिथे कुणी इंजिन बंद करत नाही. फक्त खिंडीच्या खाली. मग माणसाने दुसरं काय समजावं? तिने नारळ दिला, पाच बायका जेवू घातल्या. भिमाजी खिंडीत आता जास्तच मनोभावे हात करायला लागला. कपाळावर हात जरा जास्त वेळ ठेवायचा, डोळे मिटायचा. आणि मग तोच हात खाली, स्टॉपरला.

अखेर त्याने माणसं न्यायचंच बंद केलं. सिमेंट ने, खत ने, रिकामा ये, असं चाललं. लंकाबाई स्टँडवर आली तेव्हा त्याने पुढच्या दारावर हात आडवा धरला.

"मावशी, माझ्या गाडीत बसू नको."

"का रं? माझं वजन वाढलं?"

"ब्रेकचा भरवसा न्हाई. सावळेरामच्या गाडीत बस. त्याचा जुना ब्रेक हाय, घट्ट."

"त्या सावळ्याच्या गाडीत तंबाखूचा वास येतो."

"वासानं मरत न्हाई माणूस. बस म्हणतो ना."

ती बडबडत गेली. भिमाजीला त्या दिवशी पहिल्यांदा जरा हलकं वाटलं.

मेव्हण्याने, बोरी बुद्रुकच्या भरतने, जुन्नरच्या इस्माईलचं नाव काढलं. भरतचा ट्रॅक्टर तिथेच असायचा. "दाजी, माणूस शिवराळ हाय. वेळेवर कधी देत नाय, गिऱ्हाईकाला चोर म्हणतो. पण त्यानं हात लावलेलं परत खोलावं लागत नाय."

इस्माईलचं गॅरेज गावात शिरायच्या अलीकडे, घराला लागूनच. तो गाडीखालीच होता. भिमाजीने सगळी कथा सांगितली, तीन मिस्त्र्यांची नावं सांगितली. गाडीखालून आवाज आला, "तिघं बी गाढव. ठेवून जा."

दोन दिवसांनी भिमाजी गेला तेव्हा इस्माईल बॉनेटवर कोपर टेकून उभा होता आणि तोंड असं की जणू कुणी थोबाडीत मारलीय. डबा खोलून झाला होता, डब्याची नळी बदलून झाली होती, चाकं खोलून झाली होती. कुठे काही सापडत नव्हतं.

"गाडीत दोष नाय," तो म्हणाला.

"म्हंजे माझ्यात हाय?"

"मला काय ठाऊक? मी माणसं खोलत नाय."

"इस्माईलभाई, तुमी बी तेच म्हणणार असाल तर ही गाडी मी डिंभ्याच्या धरणात ढकलतो आन् मोकळा होतो."

"ढकल की! माझे दोन दिवस घातलेस तू मातीत! इथं शंभर बार मारला ब्रेक, शंभर बार लागला!"

दोघं रस्त्यावरच्या माणसांना ऐकू जाईल असे भांडायला लागले. इस्माईलची बायको बिबिजान चहा घेऊन आली होती, ती कप धरून तशीच उभी. शेवटी वैतागून म्हणाली, "अवो, गाडी हितं बिघडतच नाय म्हणतात ना ते? मग जिथं बिघडती तिथं जावा. हितं बोंबलून काय व्हनार?"

इस्माईल तिच्यावर खेकसला, मग चहा प्यायला, मग पान्ह्यांची पिशवी घेऊन पुढच्या सीटवर येऊन बसला. "चल. बघू तुझा म्हसोबा."

वाटेत घोडेगावच्या स्टँडवर भिमाजी पाणी घ्यायला थांबला. सावळेरामची जीप नव्हती. पानवाला म्हणाला, "सकाळीच भरून वर गेला. काल त्याचं पासिंग झालं ना, तुझ्यावानी नवा ब्रेक घेतला. लई खूश हाय. अंगठ्यानं दाबतो म्हणतो."

भिमाजीला काहीतरी खटकलं. पण त्याच्या डोक्यात तेव्हा एकच, आपल्या गाडीतलं ते भूत ह्या मिस्त्र्याला दाखवायचं. तो वर निघाला.

चढताना इस्माईल कान लावून बसला होता. मधेच म्हणायचा, "दुसरा टाक. हां. आता दाब. ठीक." खिंडीत गाडी वळवली. इस्माईलने मान तिरकी करून पायपट्टीवर नजर ठेवली. भिमाजीने गिअर न्यूट्रलला आणला. उजवा हात कपाळाला, छातीला, खाली.

इंजिन बंद झालं. टायरांची सळसळ आणि वारा.

"काय झालं?" इस्माईल दचकला.

"कुठं काय?"

"इंजिन पडलं ना!"

"पडलं न्हाई. म्या बंद केलं."

"का?"

"उतार हाय की," भिमाजी म्हणाला. ह्यात विचारण्यासारखं काय आहे हेच त्याला कळेना. पहिलं वळण गेलं. लोणी.

माणूस पिसाळलेल्या कुत्र्याकडे बघतो तसं इस्माईलने त्याच्याकडे बघितलं. "दर टायमाला बंद करतो?"

"सगळेच करत्यात." दुसरं वळण. लोणी.

"चालू कर! गिअर टाक! टाक म्हणतो ना, तुझ्या आयला!"

भिमाजीचा पाय तिसऱ्या वळणाला टेकला होता आणि खाली खडक आला होता. त्याने गिअर टाकला, इंजिन भडाडलं, पट्टी खाली गेली, गाडी थांबली. इस्माईल उतरून रस्त्याच्या कडेच्या धोंड्यावर जाऊन बसला. आधी शिव्या दिल्या, मग हसला, मग पुन्हा शिव्या दिल्या.

"अरे, तो डबा इंजिनच्या जिवावर जगतो. इंजिन चालू हाय तोवर तो तुझ्या पायासंगं दाबतो. इंजिन मेलं की त्याच्यात उरलीसुरली ओढ असती तेवढ्यावर एक दाब, दोन दाब. मग तो बी मेला. तुझा जुना ब्रेक एकटा काम करायचा, हा करत नाय. दोन दिवस मी चालू इंजिनवर ब्रेक तपासतोय, आन् तू मुडदा घेऊन घाट उतरतोस!"

भिमाजी रस्त्यातच उभा. ऊन तळपत होतं.

"मग कुणी सांगितलं कसं न्हाई?" तो म्हणाला. "बसवणाऱ्यानं, पासिंगवाल्यानं, कुणीच?"

"मी बी नाय सांगत," इस्माईल म्हणाला. आता त्याचा आवाज खाली आला होता. "मी बी बसवलेत पाच-पंचवीस. मला वाटलं, ह्यात सांगायचं काय? कुणी उतारावर इंजिन बंद करत असंल असं डोक्यातच नाय आलं. मी काय घाट मारतो? मी गाडीखाली झोपणारा माणूस."

ते ऐकता ऐकता भिमाजीने मान वर करून खिंडीकडे बघितलं. पानवाल्याचं बोलणं त्याला आत्ता कळलं. काल पासिंग. नवा ब्रेक. सकाळीच भरून वर गेला. आणि बाजाराचा दिवस, म्हणजे आता वरून भरून खाली येणार.

"बसा, बसा लवकर!" तो ओरडला. इस्माईल चढला न चढला तोच त्याने गाडी वळवली आणि परत खिंडीकडे पिटाळली. हॉर्नवरचा हात काढला नाही. पहिल्या वळणाच्या जरा खाली होते तेवढ्यात वर खिंडीत सावळेरामच्या जीपचा निळा टप दिसला. इंजिनचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता. काचेआड सावळेरामचा हात कपाळाला गेलेला दिसला. मग छातीला.

मग आवाज बंद झाला.

भिमाजीने गाडी कडेला टाकली, उपरणं फडकवत रस्त्यात आडवा धावला. "सावळ्या, चालू कर! गिअर टाक! इंजिन चालू कर!"

सावळेरामला काय दिसलं? पॅसेंजर सोडून बसलेला भिमाजी, बाजाराच्या दिवशी, भरलेली गाडी अडवतोय. त्याने खिडकीतून हात हलवला आणि हसत ओरडला, "आता न्हाई मिळायच्या शिटा! लाज सोडली काय राव!" आणि पहिल्या वळणाला मस्त ब्रेक मारून, भिमाजीला वळसा घालून खाली गेला. पुढच्या सीटवर लंकाबाई होती. तिनेही हात हलवला.

भिमाजी जीपमागे धावला. गाडीमागे पायी धावणारा माणूस, उतारावर. दुसरं वळण गेलं. तिसऱ्याच्या आधी गाडी उगाचच डावी-उजवी झाली, आणि त्याला कळलं की सावळेराम आता पट्टीवर उभा आहे.

सावळेराम ड्रायव्हर म्हणून खोटा नव्हता. गिअर पडेना तेव्हा त्याने दरी सोडली आणि गाडी डोंगराच्या अंगाला घातली. डावी बाजू कातळाला घासत गेली आणि गाडी कलंडून थांबली. त्याच्या त्या एका वळवण्यामुळे सगळी माणसं जिवंत राहिली. मागच्यांना खरचटलं, एकाचा हात मोडला. कातळाच्या बाजूला, पुढच्या सीटवर, लंकाबाई होती.

दार वाकलं होतं. इस्माईलने पहार घालून ते उचकटलं. भिमाजीने आणि सावळेरामने तिला उचलून भिमाजीच्या जीपमध्ये घोंगडीवर ठेवलं. तिचे ओठ पांढरे पडले होते. भिमाजीचं मनगट धरून एवढंच म्हणाली, "तूच बसवलंस ना मला हिच्यात."

तिला दोष द्यायचा नव्हता. तिला ते खरंच आठवत होतं आणि खात्री करून घ्यायची होती. भिमाजीने मान हलवली आणि इंजिन चालू ठेवून, दुसऱ्या गिअरमध्ये, तो सगळा घाट उतरला. सगळ्या वळणांना ब्रेक अंगठ्याने लागत गेला. त्या वेळी त्याला त्या ब्रेकचा जेवढा राग आला तेवढा आजवर कशाचाच आला नसेल.

म्हातारी आता चालत नाही. अंगणात खाटेवर बसते, घाटातून येणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकते. सावळेरामवर केस झाली, लायसन गेलं. तो एका ढाब्यावर भट्टी सांभाळतो.

भिमाजी गप्प बसला नाही. स्टँडवर सांगितलं, पेट्रोलपंपावर सांगितलं, दिसेल त्या प्रत्येक ड्रायव्हरला बाजूला घेऊन सांगितलं, खिंडीत इंजिन बंद करू नका. काहींनी ऐकलं. काही हसले. एकजण म्हणाला, "म्हसोबाला हात केल्यावर हात रिकामाच राहतो राव, करू काय?" खरंच, ज्याने वीस वर्षं तोच हात तसाच खाली आणला त्याला चहाच्या टपरीवरच्या एका वाक्याने कसं थांबवायचं? इस्माईल आता बूस्टर बसवला की गिऱ्हाईकाला खाली बसवून, शिव्या देऊन सांगतो. पण ह्या बाजूला घाट काय एकच आहे? जुन्नरच्या अंगाला आहेत, खेडच्या अंगाला आहेत, आणि तिकडच्या सगळ्या गाड्या जिथे येतात ती जागा एकच. तुमचा मांडव.

म्हणून तो पुढच्या कॅम्पाला आला. गाडी घेऊन नाही, मोकळाच आला. मांडवाच्या खांबाला भोंगा बांधला होता, त्यावरून गाड्यांचे नंबर पुकारले जात होते. रांगेत चाळीसेक जीप असतील, निम्म्यांची बॉनेटं आधीच उघडी, आणि प्रत्येकीत तो काळा डबा ऊन खात बसलेला. भिमाजी टेबलापुढे उभा राहिला.

"साहेब, त्या भोंग्यावरून एवढंच सांगा. नव्या ब्रेकला उतारावर इंजिन चालू पाहिजे. बस. बाकी काय नको."

तुम्ही मान वर केलीत. "तुझी गाडी कुठाय?"

"गाडी आणली न्हाई. सांगायला आलोय."

"इंजिन बंद करून गाडी उतरवणं गुन्हा आहे. माहीत आहे ना?"

"व्हय साहेब."

"मग गुन्हा करणाऱ्यांना मी काय सूचना देऊ? असा गुन्हा करा, तसा करू नका? शासनाने सुरक्षेसाठी ब्रेक दिला. पुढे तुमचा हलगर्जीपणा."

मागच्या ड्रायव्हरांत कुजबुज झाली. शिपाई भिमाजीच्या दंडाला हात लावायला आला. भिमाजीने तो झटकला नाही, पण जागचा हललाही नाही.

"गुन्हा असंल तर दंड करा," तो म्हणाला. "ह्या सगळ्यांना करा, मला पहिला करा. पण साहेब, तुमी जुना ब्रेक काढायला लावला. तो इंजिन बंद असताना बी लागायचा. त्याच्या जागी जो बसवायला लावला तो लागत न्हाई, हे तुमाला ठाऊक व्हतं का नव्हतं?"

तुम्ही घड्याळाकडे बघितलंत.

"ठाऊक नसंल तर शिक्का कशाचा मारत व्हता? आन् ठाऊक असंल तर..." त्याने हाताने मागची रांग दाखवली. "ही माणसं आत्ता इथनं उठून घाटात जाणार. संध्याकाळच्या आत. भोंगा तुमच्या हाताजवळ हाय. सांगणार का न्हाई?"

शिपायाने पुढचा नंबर पुकारायला भोंग्याची बटणं दाबली, खरखर झाली, आणि तुम्ही त्याला हाताने थांबवलंत. का थांबवलंत ते कुणाला कळलं नाही. सगळी रांग तुमच्या तोंडाकडे बघत होती. कुणीतरी आपल्या जीपचं इंजिन बंद केलं, नीट ऐकू यावं म्हणून.

साहेब, ते सगळे अजून उभे आहेत. बोला.